निम्मी गोळी

गोळी पांढरी होती आणि तिच्या मधोमध एक बारीक रेघ होती. त्या रेघेवर विळीची धार टेकवून मावशींनी गोळीचे दोन तुकडे केले. एक स्वतःच्या तळहातावर घेतला आणि दुसरा भाकरीच्या कडेवर ठेवून सुनेपुढे सरकवला. हे त्यांनी माझ्यादेखत केलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे, असं त्या घरात कुणाच्या मनातही नव्हतं. सून चुलीशी बसली होती आणि तिचं पोट नुकतंच दिसू लागलं होतं.

मी "थांब" म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. सुनेचा हात तोंडाशी पोचला होता, तो तिथंच राहिला. मावशींना वाटलं, मी औषध कमी घेतल्याबद्दल रागावले. त्या समजूत घालू लागल्या, "रागावू नको, बाय. माझी निम्मी मी रोज घेते. एक दिस चुकवला न्हाय."

या मावशी आमच्या संशोधनात सहभागी झालेल्या. भिवंडीजवळच्या वडपे गावाच्या मागं डोंगराच्या उतारावर त्यांचा पाडा आहे. त्या वडप्याच्या एका गोदामात झाडलोट करायच्या. तिथं हमाल दिवसभर पुठ्ठ्याची खोकी उघडतात, बांधतात, त्याची धूळ सगळी त्यांच्या केरसुणीखाली. अशा कितीतरी वर्षांनी त्यांना खोकला लागला आणि चढ चढताना धाप. भिवंडीत लूमवाल्यांनाही, म्हणजे यंत्रमागावरच्या कामगारांनाही, असाच खोकला असतो, फक्त त्यांच्या छातीत कापसाची तूस जाते. या दोन्ही प्रकारच्या लोकांसाठी एक नवीन औषध निघालं होतं आणि ते खरंच गुणकारी आहे का, हे आमच्या दवाखान्यात तपासत होते. मी तिथं समन्वयक होते. म्हणजे लोकांना सगळं समजावून सांगायचं, संमती घ्यायची, घरोघर जाऊन औषध पोचवायचं आणि कोण कसं आहे ते संशोधन चालवणाऱ्या डॉक्टर सरांना कळवायचं.

हे काम मला कसं मिळालं ते सांगितल्याशिवाय पुढची भीती कळणार नाही. माझे वडील भिवंडीजवळच पूर्णा गावातल्या गोदामात हमाली करतात. त्याआधी आमची भातशेती होती. घरात माझ्याआधी दहावीपलीकडे कुणी गेलं नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंनी मला कॉलेजात घालायला वडिलांना राजी केलं, आणि मी बी.एस्सी. झाले त्या वर्षी या दवाखान्यातल्या सरांनी, माझं इंग्रजी अडखळत असतानाही, मला घेतलं. मुलाखतीत ते म्हणाले होते की इंग्रजी येईल, पण पाड्यावरच्या माणसाशी बोलता येणं शिकवता येत नाही. ते वाक्य मी घरी येऊन आईला दोनदा सांगितलं. सरांचं माझ्यावर ऋण आहे असं मी तेव्हाही मानत होते, आजही मानते.

तर त्या सकाळी मावशींच्या घरात मी दोघींना विचारत गेले, आणि एकेक कळत गेलं. सुनेला उलट्या सुरू झाल्या तेव्हापासून ती निम्मी गोळी घेत होती. उलट्या म्हणजे अगदी सुरुवातीचे दिवस. बाळाचे हात, पाय, हृदय, कान घडण्याचे. त्याच दिवसांत हे औषध बाईच्या पोटात जायला नको होतं. प्राण्यांवरच्या चाचणीत पिल्लांच्या वाढीबद्दल शंका यावी असं काहीतरी दिसलं होतं, म्हणून गरोदर बाईला संशोधनात घ्यायचंच नाही, असा पहिला नियम होता. त्याबद्दल मी मावशींना विचारलंही होतं. वय बघता त्यांना हसू आलं होतं. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या होत्या, "आता मी पोटुशी झाले तं पाड्यावर जत्रा भरंल." आम्ही दोघी हसलो होतो आणि मी पुढचा प्रश्न विचारला होता.

"पण तिला का दिली?" मी विचारलं.

मावशी माझ्याकडे अशा बघू लागल्या, की हे काय विचारणं झालं. त्यांच्याकडे घरात पोटुशी बाई असली की तिच्या देखत एकटीनं काही खायचं नाही. बोराचा वाटा आधी तिचा, मासळीचा आधी तिचा, डोंगरातून मध आला तर पहिलं बोट तिचं. भगताची मुळीसुद्धा उगाळली की सगळ्या घरानं थोडी थोडी घ्यायची. आणि हे तर मोठ्या दवाखान्यातलं औषध. शिकलेली पोरगी ते पिशवीतून जपून आणते, फोन करून विचारते की घेतलं का, संपलं की नवं देते. एवढी जपणूक ज्याची होते ते चांगलंच असणार. आम्ही जितकी काळजी दाखवली तितकी त्या गोळीची किंमत त्यांच्या नजरेत वाढत गेली होती. सुनेलाही थोडा खोकला होता. ती अंग चोरून म्हणाली, तिला बरं वाटलं होतं.

मी एवढंच म्हणाले, की मी परत येईपर्यंत दोघींनीही गोळी घ्यायची नाही. मग उतारावर जिथं फोनला रेंज येते तिथपर्यंत चालत गेले. खाली महामार्गावर कंटेनरांची रांग लागली होती. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी ऐकून घेतलं. मग विचारलं, किती महिने, रोज घेत होती का, आधी काही आजार.  शेवटी ते म्हणाले, उद्या तिला सोनोग्राफीला घेऊन ये. आणि कारण सांगू नकोस.

"आत्ता सांगितलंस तर ती घाबरेल, पाडा घाबरेल, ज्यांना खरंच गुण येतोय तेही औषध फेकून देतील. आधी बघू काय आहे ते. काही नसेल तर सांगायची गरजच काय?"

मी "हो सर" म्हणाले. दुसरं काही म्हणायची मला सवय नव्हती. त्यांचं बोलणं मला चुकीचंही वाटलं नाही. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवू नये, असं माझी आईही म्हणाली असती. मी परत जाऊन सुनेला सांगितलं की पोटुशी बायकांची तपासणी असते, उद्या गाडीनं जाऊ. ती खूश झाली. तिला कुणी गाडीनं दवाखान्यात नेलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आई भाकऱ्या थापत होती आणि मी तिच्याजवळ नुसतीच बसून राहिले. तिनं विचारलं, काय झालं. मी नावगाव न सांगता थोडंसं सांगितलं. तिनं पुढचा गोळा परातीत घेतला. परातीवर वाकताना पदर सरकला आणि तिच्या पोटावरचा तो जुना व्रण दिसला. मी लहान असताना तिला दवाखान्यात नेलं होतं, पोट कापलं होतं, टाके घातले होते. लहानपणापासून मी तो व्रण बघत आलेय. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, आई, हे ऑपरेशन कशाचं होतं?

"मला काय ठावं? काय तरी काढला आतून."

"तू विचारलं नाहीस?"

"इचारायचं कोनाला? डॉक्टर चांगला होता."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. तव्यावर भाकरी टाकून तिनं पाण्याचा हात फिरवला. मला मात्र जेवण गेलं नाही. मी बी.एस्सी. झालेली मुलगी, आणि माझ्या आईच्या पोटातून काय काढलं ते तिला माहीत नाही, मलाही नाही, आणि आता कधी कळणारही नाही, कारण तो दवाखाना उठला, तो चांगला डॉक्टरही गेला. मला सारखी ती सून दिसू लागली. म्हातारी झालेली, भाकऱ्या थापणारी, आणि तिला विचारणारं तिचं मूल. जर असलं तर. जर ऐकू येत असलं, बोलता येत असलं तर. तो विचार मी अर्धवट सोडला आणि भांडी घासायला उठले.

दुसऱ्या दिवशी दोघी नटून आल्या होत्या. सुनेनं हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, मावशींनी फडक्यात भाकरी बांधून आणली होती. रिक्षा भिवंडीत शिरली तसं मावशी मला लोकांची गंमत सांगू लागल्या. गोदामातला एक सुपरवायझर त्यांची धाप बघून म्हणायचा, "मावशी, जुन्या ट्रकसारखं तुमचं इंजन रिबोर करायला हवं." आता धाप कमी झाल्यावर त्यांनी त्याला ऐकवलं होतं, की माझं केलं रिबोर, आता तू तुझ्या डोक्याचं बघ. सून हसता हसता ठसकली. मी हसले की नाही ते मला आठवत नाही.  दर धक्क्याला सून पोटावर हात ठेवायची आणि मी रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगायचे.

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूमची शेडं आहेत. खटखट खटखट, एकमेकांत मिसळलेला आवाज, त्यात माणसाचा आवाज ऐकू जायचा तर ओरडावंच लागतं. रिक्षावाल्यानं आम्हाला तिथं उतरवलं. मागच्या दाराशी, सोनोग्राफीआधी पाणी पीत बसण्यासाठी, एक बाक आहे. सोनोग्राफीच्या खोलीतला माणूस बाहेर डोकावून विचारून गेला, "पानी पी लिया? भरपूर पियो, फिर बुलाता हूँ." सून बाटलीतून पाणी पीत माझ्याकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "सगळ्या पोटुश्या बायांना असं गाडीनं आनता?"

मी हो म्हणू शकले असते. शब्द तयार होता. पण तिनं तो प्रश्न सहज विचारला नव्हता. काल मी कोंबड्या उडतील एवढ्यानं ओरडले होते, ते ती विसरली नव्हती. ती रात्रभर विचार करत आली असणार. तिचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते, आणि मला त्या क्षणी आईचा तव्यावर फिरणारा हात दिसला.

मी सांगितलं. लूमच्या आवाजात मला मोठ्यानं सांगावं लागलं. अशा गोष्टी हळू आवाजात सांगायच्या असतात, पण तिथं ते शक्य नव्हतं. ही गोळी पोटुशी बाईनं घ्यायची नसते, त्यानं बाळाला अपाय होतो का हे नीट माहीत नाही, जनावरांमध्ये शंका आली होती, मावशींची गोळी औषधाची होती की औषध नसलेली सारखी दिसणारी, हेही आम्हाला ठाऊक नाही, कारण अर्ध्या लोकांना बिनऔषधाची देतात आणि कुणाला कुठली ते आम्हालाही कळू देत नाहीत. म्हणून तुला आज आणलंय. असं सगळं, तुटक तुटक, ओरडून.

मावशींनी सुनेच्या पाठीवरचा हात काढून घेतला. विस्तवावर पडल्यासारखा. "मी दिली," त्या म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. मग मोठ्यानं, "माझ्या हातानं दिली."

सून रडली नाही. तिनं बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "मंग आता काय व्हनार?"

"मला माहीत नाही."

"डाक्टरला?"

"त्यांनाही नाही."

ती उठली. म्हणाली, मला घरी जायचंय. ज्याची मला सर्वांत जास्त भीती होती तेच झालं होतं. ती निघून गेली असती तर बाळ कसं आहे हे कधीच कळलं नसतं, आणि त्याचं कारण माझं बोलणं ठरलं असतं. सर म्हणाले होते ते खरं ठरलं असतं. मला तिचा हात धरावासा वाटला. धरला नाही. एवढंच म्हणाले, की जायचं असेल तर जा, कुणी रागावणार नाही, रिक्षा मीच करून देते. पण आत बघितलं तर निदान काही तरी कळेल.

ती लूमच्या शेडांकडे तोंड करून उभी राहिली. मावशी बाकावरून उठल्या नाहीत. त्यांची धाप पुन्हा वाढली होती, की मला तसं वाटलं, कुणास ठाऊक. बऱ्याच वेळानं सून वळली. सासूजवळ गेली, तिचा काढून घेतलेला हात उचलला आणि पुन्हा स्वतःच्या पाठीवर ठेवला. मग मला म्हणाली,

"डाक्टरला सांग, जे दिसंल ते मला सांगायचं. तुला न्हाय. मला."

मी आत गेले आणि सरांना सांगितलं, की मी तिला सगळं सांगितलंय आणि तिचं असं म्हणणं आहे. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी नको म्हटलं होतं, असं ते म्हणाले. मी हो म्हणाले. माझी नोकरी गेली, असं मला त्या वेळी पक्कं वाटलं, आणि पूर्ण्याच्या गोदामात पाठीवर खोकं घेतलेले वडील डोळ्यांसमोर आले. सर उठले. मला वाटलं बाहेर जा म्हणतील. ते सोनोग्राफीच्या खोलीत गेले, तपासणाऱ्या बाईंशी बोलले आणि यंत्राचा पडदा, जो नेहमी डॉक्टरांकडे तोंड करून असतो, तो त्यांनी जेवढा वळवता येईल तेवढा सुनेकडे वळवला.

तिच्या उशाशी उभं राहून त्यांनी तिला एकेक दाखवलं. हे हृदय, हे चालतंय. हा पाठीचा कणा. हे पाय. त्या खोलीत बाळाच्या ठोक्यांचा आवाज येत होता आणि भिंतीपलीकडून लूमचा. सर म्हणाले, "आज जे दिसतंय ते ठीक आहे. पण सगळं आज दिसत नाही. ऐकणं, बघणं, शिकणं, ते जन्मानंतरच कळतं. खोटं सांगत नाही." सुनेनं मान हलवली. मावशी पायथ्याशी उभ्या होत्या आणि पडद्याकडे बघायला तयार नव्हत्या.

त्याच दिवशी सरांनी वर कळवून मावशींच्या गोळीत खरं औषध होतं की नाही, ही लपवलेली नोंद उघडून मागितली. गोळी खऱ्या औषधाची निघाली. मावशींची धाप कमी झाली होती ती उगाच नव्हती. पण नोंद उघडली की माणूस संशोधनात राहत नाही, म्हणून आता ते औषध त्यांना मिळणार नव्हतं. हेही सरांनी स्वतः पाड्यावर येऊन सांगितलं. त्यांची गाडी वडप्यापर्यंतच येऊ शकली, पुढचा चढ ते माझ्याबरोबर चालले, आणि त्या चढावर एकदा थांबून म्हणाले की त्या दिवशी तेही घाबरले होते, आणि घाबरले होते म्हणूनच सांगू नको म्हणाले.  मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

संशोधन काही काळ थांबलं. अशा संशोधनांवर नजर ठेवणाऱ्या नीतिसमितीपुढे सरांनी सगळं मांडलं. मला तिथं आत बोलावलं नव्हतं, पण बाहेर बसून दार उघडायची वाट बघताना जे वाटत होतं ते परीक्षेच्या निकालालाही वाटलं नव्हतं. मग आम्ही प्रत्येक घरी पुन्हा गेलो आणि एक नवीन प्रश्न विचारला, घरात हे औषध आणखी कोण घेतं? संमती आम्ही एका माणसाची घेतली होती आणि औषध घरात गेलं होतं. बऱ्याच घरांत उत्तर 'कुणी नाही' असंच आलं. पण मानकोलीच्या एका घरात म्हातारे सासरे घेत होते. आणि लूमवर ड्युटी करणाऱ्या एका कामगारानं तर एक पट्टी गावाकडं भावाला पाठवली होती. मी कपाळाला हात लावला तर तो मलाच समजावू लागला, "मैडम, खाँसी तो उसको भी है ना." प्रत्येक दारात तो प्रश्न विचारण्याआधी घरात पोटुशी बाई आहे का, ते मी बघून घ्यायचे. अजूनही बघते. आता तो प्रश्न आमच्या कामात पहिल्याच भेटीत असतो, आणि गोळी कुणाला द्यायची नाही हे आम्ही घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगतो, चुलीपाशी, पोटुशी बाई असेल तर तिच्यासमोर.

सुनेला मुलगी झाली. वजनानं चांगली, रडली लगेच. सरांनी बाळाच्या तपासण्यांची सोय दवाखान्यातूनच केली आहे आणि मी दर काही दिवसांनी पाड्यावर जाते. मावशी पुन्हा गोदामात झाडलोट करतात आणि चढावर पुन्हा थांबत थांबत येतात. त्यांच्या खोकल्यासाठी आता जुनंच औषध चालू आहे. कधी त्यांनी मला बोल लावला नाही. पण घरात काहीही आलं, अगदी माझ्या पिशवीतून बिस्किटाचा पुडा निघाला, तरी त्या आधी माझ्याकडे बघतात आणि मी हो म्हणाल्याशिवाय कुणाला देत नाहीत. त्या बघण्यानं मला लाज वाटते. पूर्वी त्या घरात वाटा देताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

परवा गेले तेव्हा मुलगी गोधडीवर बसली होती. सुनेनं तिला माझ्या मांडीवर दिलं आणि मी नेहमीसारखी बघू लागले. बोटं, डोळे, मान कशी धरते ते. मी खेळवतेय असं दाखवत होते.

"काय बघता, ताई?" सून म्हणाली.

"सगळं ठीक आहे का ते."

"आमी पन तेच बघतो," ती म्हणाली. "रोज."

तेवढ्यात मावशींनी मुलीच्या पाठीमागं, तिला दिसणार नाही अशी, पितळेची थाळी जमिनीवर टाकली. मुलीनं दचकून मागं वळून पाहिलं आणि ओठ काढून रडायला लागली.  मावशींनी थाळी उचलून पदरानं पुसली आणि जागेवर ठेवली.

"ऐकू येतं," त्या म्हणाल्या. मग मला विचारलं, "आता काय बघायचं ऱ्हायलं?"

चालणं, म्हणाले मी. बोलणं. मग शाळा.

"आनि त्याच्या म्होरं?"

मला माहीत नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि रडणाऱ्या नातीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं.